केंदाळ निघाले, कारण राहिले

उन्हाळ्याच्या तोंडाशी पंचगंगेचे पात्र हिरवेगार झाले की परगावच्या पाहुण्यास कौतुक वाटावे. करवीरकरांस मात्र ती हिरवळ म्हणजे नदीच्या दुखण्याची खूण होय. जलपर्णी, म्हणजेच आपले केंदाळ, मूळचे दक्षिण अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची वनस्पती म्हणून ते हिंदुस्थानात आले आणि घरधनी होऊन बसले. अनुकूल पाण्यात अवघ्या दोन आठवड्यांत त्याचा विस्तार दुप्पट होऊ शकतो. त्याच्या दाट थराखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही. पाण्यात बुडून वाढणाऱ्या मूळच्या वनस्पती मरतात, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात.

यंत्रे लावून केंदाळ उपसले जाते, उरलेले पूर वाहून नेतो, आणि नदी शुद्ध झाल्याचे समाधान आपण मानून घेतो. परंतु बीज गाळात वर्षानुवर्षे टिकते, आणि त्याचे अन्न तर आपणच पुरवितो. कोल्हापुरापासून इचलकरंजीपर्यंत नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हेच त्याचे खत होय. केंदाळ हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे.

खालच्या अंगाची शिरोळ तालुक्यातील गावे याच नदीवर जगतात, हे विसरून कसे चालेल? केंदाळ किती उपसले हा हिशेब अधिकारी आनंदाने देतील. प्रक्रियेवाचून किती सांडपाणी नदीत गेले, हा हिशेब नागरिकांनी मागितला पाहिजे. तो मिळेपर्यंत पुढच्या उन्हाळ्याची हिरवळ ठरलेलीच आहे.