पुण्यवाले, जाळीवाले आणि खाजवणारं पिल्लू

कबुतरांना दाणे टाकणाऱ्या लोकांचा मला राग येतो. कबुतरांचा नायनाट करायला निघालेल्यांचा राग जरा उशिरा यायला लागला. गेल्या ऑगस्टमध्ये बाथरूममधल्या बादलीशेजारी, बुटांच्या खोक्यात एक पिल्लू रात्रभर खाजवत होतं, तेव्हापासून.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. आईला दमा आहे. गारखेड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक काका रोज सकाळी ज्वारी टाकतात आणि ज्वारी खाऊन झालेली कबुतरं आमच्या बाल्कनीत येऊन बसतात. कबुतराच्या विष्ठेतली आणि पिसांच्या भुकटीतली प्रथिनं श्वासातून सतत आत जात राहिली, तर काही माणसांच्या फुफ्फुसांना सूज येते. वर्षानुवर्षं हे चाललं तर फुफ्फुसं कायमची निबर होतात. त्यामुळे २०२५च्या जुलैमध्ये सरकारने मुंबईतले कबुतरखाने बंद करायला सांगितले आणि हायकोर्टानेही दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं, तेव्हा मला ते पटलं होतं. आजही पटतं.

६ ऑगस्टला दादरच्या कबुतरखान्यावरची ताडपत्री लोकांनी फाडली. तो व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि दोन दिवस कडाक्याचं भांडण झालं. एका बाजूला जीवदया, दुसऱ्या बाजूला आरोग्य. त्याच आठवड्यात आमच्याकडे जाळी लावणारा मुलगा आला. त्याने एसीच्या युनिटमागे हात घातला आणि काड्यांचं घरटं बाहेर ओढलं. त्यात दोन पिल्लं होती. एक मेलेलं. दुसरं तीनेक आठवड्यांचं, डोक्यावर अजून पिवळे केस, मानेवर आणि पंखाखाली पिसंच नाहीत, नुसती लालभडक कातडी.

“फेकून देऊ का सर?” त्याने विचारलं. अगदी सहज. त्याचा काही दोष नाही, त्याला वर्गफुटाप्रमाणे पैसे मिळतात.

मी नको म्हणालो. आई म्हणाली, “अरे, मला त्रास होईल.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “बाथरूममध्ये ठेव, आणि दार लावून घे.”

ग्रुपवर फोटो टाकला. जीवदयावाल्यांपैकी कोणी हात जोडले, कोणी हळद लावायला सांगितलं, एक काकू दुधात भिजवलेला पाव घेऊन आल्या. (कबुतराला दूध पचत नाही. दोन्ही आईबाप गळ्यातल्या पिशवीत जे ‘दूध’ तयार करून पिल्लाला पाजतात, त्याचा गायीच्या दुधाशी काहीही संबंध नाही.) रोज पोतंभर पक्ष्यांना जेवू घालणाऱ्या गच्चीवरच्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “त्यांचं ते बघून घेतात.” एवढ्या वर्षांत त्यांनी एकही कबुतर हातात धरलेलं नव्हतं. आरोग्यवाले एका वाक्यात मोकळे झाले: रोग पसरेल, बाहेर सोड.

गुगल आणि यूट्यूबवर रॉकेलपासून तंबाखूच्या पाण्यापर्यंत सगळे उपाय होते. एका दवाखान्यात गेलो, तिथे पक्षी बघत नाहीत म्हणाले. शेवटी ऑफिसमधल्या एका मित्राने शहागंजच्या मागे गच्चीवर कबुतरं पाळणाऱ्या एका चाचांकडे नेलं. आपल्याकडे ‘कबूतरबाज’ हा शब्द रिकामटेकडा या अर्थानेच वापरतात. चाचांनी पिल्लाचा पंख उन्हासमोर पंख्यासारखा उघडला. उवा असतील तर पिसांच्या दांडीलगत बारीक काळ्या रेघांसारख्या दिसतात. त्या नव्हत्या. चोचीच्या कडा, पापण्या, पाय बघितले. डासांमुळे पसरणारी देवी असेल तर तिथे गाठी आणि खपल्या येतात. त्याही नव्हत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “रात को ज्यादा खुजाता है ना?”

हो.

“घोंसला साथ में रखा क्या?”

हो. पिल्लाला आपलं काहीतरी जवळ असावं म्हणून मी ते घाणेरडं घरटं मायेने खोक्यात ठेवलं होतं.

लाल माइट. दिवसा काड्यांच्या आणि खोक्याच्या फटीत लपतात, रात्री बाहेर येऊन पिल्लाचं रक्त पितात आणि पोट भरलं की परत फटीत. म्हणून दिवसा कितीही शोधलं तरी अंगावर काही सापडत नाही. रात्री दोनला पांढरा रुमाल अंथरून मोबाइलच्या टॉर्चने बघितलं, तर मोहरीच्या दाण्याहून लहान लाल ठिपके चालत होते. मी त्यातले काही माझ्याही मनगटावर वागवत होतो, हे तेव्हा कळलं. सात वर्षं कोडमधले बग शोधतोय, पण लक्षण कधी दिसतं हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

औषधासाठी चाचांनीच एका जनावरांच्या डॉक्टरांचं नाव दिलं. त्यांनी मला गणित करून दाखवलं, ते इथे मुद्दाम देतो, कारण मेडिकलमधून गुरांचं आयव्हरमेक्टिन आणून थेंब टाकणारे व्हिडिओ मी पाहिलेत. गुरांचं इंजेक्शन १ टक्क्याचं, म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. पक्ष्याला किलोला ०.२ मिलिग्रॅम लागतं. पिल्लू २५० ग्रॅमचं, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.००५ मिली. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. एका थेंबात दहापट डोस. डॉक्टरांनी ते पातळ करून स्वतः दिलं. बाकी काम माझं होतं: घरटं जाळायचं, खोकं रोज नवं, कागद रोज नवा, चोच उघडून एकेक मटारदाणा, आणि पाणी घशात ओतायचं नाही, चोच वाटीत बुडवू द्यायची.

आता माझं भांडण. दाणे टाकल्याने कबुतर सुखी होतं, हे खोटं आहे. हा मुळात कडेकपारीत राहणारा पक्षी, आपल्या इमारती म्हणजे त्याच्यासाठी आयते कडे. त्यात बारा महिने फुकट ज्वारी मिळाली की बारा महिने अंडी, आणि एकाच जागी दाटी. माइट, देवी, घशातले रोग या दाटीतच पसरतात. काकांची ज्वारी आणि ते खाजवणारं पिल्लू यांच्यात एकाच जिन्याचं अंतर आहे, आणि काका तो जिना उतरायला तयार नाहीत. त्यांना पुण्य हवंय. पक्षी हे त्याचं साधन, टाकसाळीतल्या नाण्यासारखं.

दुसऱ्या बाजूचं ढोंग वेगळं आहे. जाळी लावायला माझी हरकत नाही, मीच ती बोलावली होती. पण घरट्यात अंडी आहेत का हे बघायला दोन मिनिटं लागतात, आणि पिल्लू उडायला अंड्यातून बाहेर आल्यापासून चार-पाच आठवडे. तेवढं थांबलं तर कोणाचं फुफ्फुस बिघडत नाही, दार बंद ठेवलं तर आईचंही नाही. जिवंत पिल्लू तिसऱ्या मजल्यावरून फेकण्याला आरोग्य म्हणायचं आणि १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा फक्त कुत्र्या-बैलांसाठी आहे असं समजायचं, हे मला मान्य नाही.

मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन ठराव मांडले. गच्चीवर दाणे बंद. आणि घरटं रिकामं झाल्याशिवाय जाळी नाही. पहिल्यावर काका उठून गेले. दुसऱ्यावर सेक्रेटरी हसले आणि पार्किंगचा विषय निघाला.

पिल्लाला पिसं आली. नवी पिसं फुटतानाही थोडी खाज येते, त्या दोन रात्री मी उगाच घाबरलो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते बाथरूमच्या खिडकीतून समोरच्या टाकीवर गेलं आणि परत आलं नाही. आईने बाथरूम फिनाइलने तीनदा धुतलं.

जाळीवाल्या मुलाला रविवारी परत बोलावलंय. आधी मागे बघ, असं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, बघतो सर, पण त्याचे वेगळे पैसे होतील.