जमिनीची ऊब

या वेळी आईला घेऊन दक्षिण कोरियातल्या जॉन्जूला गेले होते. मुक्काम हानोकमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक घरात. लाकडी खांब, कौलारू छप्पर, कागदी दारं. खोलीत पलंग नाही म्हटल्यावर मी धास्तावले. आईचे गुडघे दुखतात! पण तिथली जमीनच उबदार असते. पूर्वी चुलीची गरम हवा जमिनीखालून नेत, आता गरम पाण्याचे पाइप असतात. याला ओन्दोल म्हणतात. सकाळी आईला हात धरून उठवावं लागलं, पण म्हणाली, "अगं, पाठ छान शेकली की!"

मग ग्यॉन्गीजॉन पाहिलं. जोसॉन घराण्याचा संस्थापक राजा थेजो याचं चित्र ठेवण्यासाठी ते १४१० मध्ये बांधलं. दुपारी तिथलं प्रसिद्ध बिबिम्बाप खाल्लं. भात, भाज्या आणि तिखट मिरचीची चटणी, सगळं कालवून.

संध्याकाळी ओमोकदे टेकडीवरून काळ्या कौलांची रांगच्या रांग दिसली. १९३०च्या सुमारास जपानी व्यापारी शहरात पसरू लागले, तेव्हा स्थानिकांनी मुद्दाम आपल्या पद्धतीची घरं बांधली. आज त्यांतल्या कितीतरी घरांत पाहुणे उतरतात.

आमच्या इंदूरच्या वाड्याला कुलूप आहे. विकायचा का, हे दिवाळीत ठरणार. मी 'विकू या' म्हणणाऱ्यांत होते. आता भावंडांना सांगणार आहे, आधी दोन खोल्या उघडून, झाडून तर पाहू.

तुमच्याकडे असं घर आहे? जरूर कळवा.