सुई टोचण्याआधी आणि नंतर

मैत्रिणींनो, परवा मामंजींच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्या रात्री आमच्या घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. पोटॅशियम 6.4! आकड्याखाली जाड रेघ. ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला, तर ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता घेऊन या." रात्री अकराला ईसीजी काढला, तो ठीक. रक्त पुन्हा घेतलं, तर पोटॅशियम 4.3! सासूबाईंनी तिथेच देवाला हात जोडले.

मग आधीचा आकडा आला कुठून? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा एकेक आठवायला लागलं. घरी आलेल्या मुलाला शीर सापडेना, म्हणून त्याने दंडाचा पट्टा बराच वेळ आवळून ठेवला होता. वर मामंजींना मूठ उघडझाप करायला लावली. आणि नळी पिशवीत टाकून भर उन्हात आणखी पाच-सहा घरं फिरला. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असतं. पेशी फुटल्या की ते बाहेर येतं आणि आकडा फुगतो. दूध वेळेवर तापवलं नाही तर नासतं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. रक्ताचंही तसंच आहे, एवढं मला बी.ए. होऊनही ठाऊक नव्हतं!

तेव्हा पट्टा मिनिटभराच्या वर राहिला तर "जरा सैल करता का?" म्हणायला लाजू नका. नळ्यांची रंगीत बुचं शोभेची नसतात. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध असतं, ती हिमोग्लोबिन आणि पेशी मोजायला. निळी रक्त गोठण्याच्या तपासणीची. ती खुणेपर्यंतच भरावी लागते. राखाडी साखरेची, तिच्यात फ्लोराइड असतं. ते नसेल तर नळीतल्या पेशी तासाला पाच-सात टक्के साखर खाऊन टाकतात आणि मधुमेह्याचा रिपोर्ट उगाच गोड बातमी देतो.

उपाशीपोटी म्हणजे निदान आठ तास काही नाही. पाणी चालतं. "घोटभर चहा म्हणजे काय खाणं झालं?" असं आमच्या सासूबाई दर वेळी विचारतात. हो, झालं! जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. आणि नळीवर नाव तुमच्या डोळ्यांदेखत लिहून घ्या. आमच्या वाड्यात तीन कुलकर्णी आहेत, म्हणून सांगते.

आता एका भगिनीच्या पत्राबद्दल. नाव छापत नाही. त्यांच्या मुलाचा रात्री स्कूटरवर अपघात झाला. इस्पितळाच्या रिपोर्टात दारूचा आकडा 33 आला, आणि कायद्याची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. त्या लिहितात, "माझा मुलगा घेत नाही हो. नर्सने स्पिरिटचा कापूस लावला होता, त्यानेच हे झालं असेल ना?"

ताई, खोटा धीर देत नाही. कातडी वाळल्यावर सुई टोचली असेल तर कापसाच्या स्पिरिटने एवढा आकडा येत नाही. मात्र कायद्यासाठी रक्त घेताना स्पिरिट वापरायचंच नसतं. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याखालच्या 1959 च्या नियमांत ते स्पष्ट आहे. ते रक्त फ्लोराइड घातलेल्या बाटलीत घेतात, नाहीतर त्यात जंतू वाढून दारूचं प्रमाण बदलू शकतं. मग लाखेचं सील लावून ते सरकारी प्रयोगशाळेत जातं. बाटली मधल्या काळात कुठे होती, कुणाच्या ताब्यात होती, हा वाद धुळ्याच्या एका खटल्यात 1963 साली थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

तुमच्या हातातला कागद मात्र इस्पितळाचा, उपचारासाठी केलेल्या तपासणीचा आहे. इस्पितळात बहुधा पेशी काढून उरलेल्या पाण्यासारख्या भागात दारू मोजतात. त्यात आकडा संपूर्ण रक्तापेक्षा साधारण बारा ते अठरा टक्के जास्त येतो. म्हणजे 33 चे प्रत्यक्षात 29 सुद्धा असू शकतील. पण उलट बाजूही ऐका. रक्तातली दारू तासाला 100 मिलिलिटरमागे साधारण 15 मिलिग्रॅमने उतरते. रक्त अपघातानंतर दोन तासांनी घेतलं असेल, तर गाडी चालवताना आकडा याहून मोठा असू शकतो.

वकिलांकडे जाताना इस्पितळाचा रिपोर्ट न्या. पोलिसांनी वेगळं रक्त घेतलं होतं का, कुणी घेतलं, किती वाजता, आणि सील कधी लागलं, हे विचारायला सांगा. आणि जायच्या आधी मुलाला स्वयंपाकघरात एकट्याला बसवून, न ओरडता, त्या रात्री काय झालं ते विचारा. वकिलांना ते तुमच्याकडून कळलेलं बरं, रिपोर्टातून नको.