अखेरचा मुक्काम

कुंभकोणमहून तंजावूरला जाताना वाटेत पापनाशम् लागते. रामय्या नावाच्या तरुणाला या गावाने कर्नाटक संगीतातले रचनाकार पापनाशम् शिवन (1890–1973) केले. त्यांनी देह ठेवला तो मात्र चेन्नईत. पापनाशम्‌पासून जवळच, तिरुवैयारूला कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे. तिची पडझड झाली होती. गायिका बंगळूर नागरत्नम्मांनी पदरचे पैसे घालून तिथे मंदिर उभारले. आज समाधीसमोर हात जोडून बसलेली त्यांची मूर्ती पाहिली, की आपल्याकडे असे कुणी का नाही, हा प्रश्न बोचत राहतो.

याच मुलखात राज्य करताना तंजावूरच्या शहाजीराजांनी (कारकीर्द 1684–1712) मराठी नाटके लिहिली. त्यांच्या स्मृतीसाठी आपली पावले तंजावूरकडे कितीशी वळतात? आळंदीला आपण लाखोंनी जातो, ते योग्यच. पण केशवसुत 1905 मध्ये प्लेगने हुबळीत गेले, हे किती जणांना ठाऊक आहे? जुनी घरे झपाट्याने पाडली जात असताना या खुणा आत्ताच नोंदवायला हव्यात, असे आम्हांला मनापासून वाटते.

म्हणून या अंकात थोरवीची उजळणी नाही. लेखक शेवटी कुठे राहिले, त्यांना कुणी सांभाळले आणि त्या जागेचे आज काय झाले आहे, एवढेच आम्ही शोधले आहे. तुमच्या गावातली अशी एखादी जागा आम्हांला जरूर कळवा. जाणत्यांच्या आठवणी आणि छायाचित्र असेल तर तेही पाठवा.