‘हे तुमचं काम नाही’ म्हणणाऱ्यांना आमचं उत्तर : एक बूटेबल डीव्हीडी

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत पाच संगणक आहेत. एका कार्यालयाने जुने झाले म्हणून काढून टाकलेले, आम्ही वर्गणी काढून टेम्पोने आणलेले. ऐन शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत त्यातले दोन बंद पडले. आम्ही ते दुकानात नेले. दुकानदाराने एका मशीनचे पाचशे रुपये घेतले, फॉरमॅट मारला आणि चोरीचं विंडोज टाकून दिलं. अभ्यासिकेत आणून चालू करतो तर डेस्कटॉपवर ठेवलेले मुलांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, गुणपत्रिका, स्कॅन केलेलं सगळं गेलेलं. ‘आधी सांगायचं तरी,’ आम्ही म्हणालो. ‘तुम्ही विचारलं नाही,’ तो म्हणाला. ‘मग आम्हाला शिकवा, पुढच्या वेळी आम्हीच करू,’ असं म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, ‘हे तुमचं काम नाही.’

या एका वाक्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

तो जात बघून बोलला, असा आमचा आरोप नाही. पण हे वाक्य आपल्या समाजाने किती पिढ्या ऐकलं आहे! अक्षर हे तुमचं काम नाही, शास्त्र हे तुमचं काम नाही, कारभार हे तुमचं काम नाही. ज्ञानबंदी अशीच चालते. आधी एक साधी गोष्ट अवघड असल्याचं भासवायचं, मग ती मोजक्या हातांत ठेवायची आणि मग तिचे पैसे घ्यायचे. म्हणून आम्ही ठरवलं की हे ‘अवघड काम’ नेमकं आहे तरी काय ते बघायचं.

इंटरनेटवरून लिनक्स मिंटची आयएसओ फाइल उतरवली. साधारण तीन जीबीची. कोरी डीव्हीडी घेतली आणि फाइल ओढून तिच्यात टाकली, गाणी टाकतो तशी. मशीन चालू केलं, काहीच नाही. दुसरी डीव्हीडी, तेच. तिसरीही वाया गेली. त्या रात्री आमच्यातलेच काही जण म्हणाले, ‘जाऊ दे, दुकानदार बरोबर बोलला.’ मित्रांनो, गुलामी अशी आत शिरते. तीन डीव्हीडी फुकट गेल्या की माणूस दुसऱ्याचं वाक्य स्वतःच्या तोंडाने बोलायला लागतो.

चूक कुठे होती ते अभ्यासिकेतल्या बारावीच्या एका मुलीने दोन संध्याकाळी वाचून शोधलं. आयएसओ ही नुसती फाइल नसते, ती अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रतिमा असते. संगणक चालू होताना बायोस डिस्कवरच्या एका ठरलेल्या जागी बघतो. शून्यापासून मोजलं तर १७ व्या सेक्टरवर. तिथे ‘सुरुवात इथून कर’ अशी नोंद असावी लागते. ही पद्धत १९९५ मध्ये फीनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी ठरवली, तिचं नाव एल टोरिटो. आपण आयएसओ नुसती कॉपी केली की ती डिस्कवर एका फाइलसारखी पडून राहते आणि त्या ठरलेल्या जागी काहीच नसतं. बंद पाकिटातलं पत्र समोर ठेवलंय, पण पाकीट कुणी फोडलेलंच नाही, तसं. ती प्रतिमा डिस्कवर जशीच्या तशी ‘बर्न’ करावी लागते. विंडोज ७ पासून पुढे फाइलवर राइट क्लिक केलं की ‘बर्न डिस्क इमेज’ हा पर्याय समोरच येतो. एवढंच होतं ते ‘काम’.

त्या मुलीने चौथी डीव्हीडी बर्न केली. मशीन चालू करताना एफ-१२ दाबून डीव्हीडीवरून सुरू करायला सांगितलं आणि पडद्यावर नवं डेस्कटॉप उभं राहिलं. हार्ड डिस्कला हात न लावता, नुसतं डीव्हीडीवरून.

आता ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी, आमच्या चुकांमधून शिकलेलं सांगतो. पहिलं, मशीनमधली सगळी कागदपत्रं आधी दुसरीकडे काढून ठेवा. आमच्या मुलांचे दाखले गेले, तुमचे जाऊ नयेत. दुसरं, आयएसओ मूळ संकेतस्थळावरूनच घ्या आणि तिथे दिलेला एसएचए-२५६ आकडा आपल्या फाइलच्या आकड्याशी ताडून बघा. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने तो निघतो. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल टाकून द्या. तिसरं, डीव्हीडी कमी वेगाने बर्न करा आणि शेवटी तपासणीचा पर्याय निवडा. चौथं, आधी डीव्हीडीवरूनच चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते पाहा, मगच इन्स्टॉल करा. इन्स्टॉल करताना ‘पूर्ण डिस्क पुसा’ असा पर्याय येईल, तिथे घाई करू नका. मशीन नवं असेल तर डीव्हीडीऐवजी पेन ड्राइव्ह घ्या. रूफस किंवा एचरसारखं साधन तेच काम करतं, पण पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा. आमच्या जुन्या मशीनपैकी दोन पेन ड्राइव्हवरून सुरूच होत नव्हती, म्हणून डीव्हीडी. मिंटला ६४ बिटचं मशीन आणि किमान दोन जीबी रॅम लागते. त्याहून जुन्या मशीनला अँटीएक्ससारखी हलकी प्रणाली बघा.

हे आत्ताच का सांगतो आहोत? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. म्हणजे धडधाकट चालणारी असंख्य मशीन कागदोपत्री भंगार झाली. श्रीमंत माणूस नवं घेईल. वस्तीतली अभ्यासिका, गावातलं विहार, कार्यकर्त्याच्या घरातला सेकंडहँड लॅपटॉप, यांनी काय करायचं? एकतर असुरक्षित मशीनवर बँकेचा आणि आधारचा व्यवहार करायचा, नाहीतर मशीन भंगारवाल्याला द्यायचं. तिसरा रस्ता आहे, तोच आम्ही सांगतो आहोत.

इथे मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मित्रांशी आमचं एक भांडण आहे. ते म्हणतात, ‘सगळं मोफत आहे, परवाना सगळ्यांना सारखाच आहे, इथे जात कुठे आली?’ खरं आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि आज हे सॉफ्टवेअर वापरायचा, उघडून बघायचा, बदलायचा आणि वाटायचा हक्क कुणालाही आहे. पण आम्हाला कागदावरच्या हक्काचा इतिहास ठाऊक आहे. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पाणी मात्र कुणाला घेता आलं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी घेतलं, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. पुढे कोर्टातली लढाई १९३७ पर्यंत चालली.

तुलनेचं आम्हाला भान आहे. महाडला आपल्या माणसांची डोकी फुटली, आमच्या फक्त तीन डीव्हीडी वाया गेल्या. पण तत्त्व तेच. खुलं केलं म्हणून खुलं होत नाही. तीन जीबी उतरवायला चांगलं इंटरनेट लागतं, माहिती इंग्रजीत असते, आणि प्रयोग करताना बिघडलं तरी चालेल असं एक मशीन लागतं. ज्याच्या घरात हे तिन्ही आहे तो ‘गुणवत्ता’ म्हणून मिरवतो. ज्याच्याकडे नाही त्याला ‘हे तुमचं काम नाही’ असं ऐकावं लागतं.

आता आपल्याच माणसांचे आक्षेप. ‘चोरीचं विंडोज चालतंय ना?’ चालतंय, पण कुणाच्या मेहेरबानीवर? ते चालू करणाऱ्या क्रॅकमध्ये काय दडलंय ते तुम्हाला माहीत नाही. त्याच मशीनवर तुम्ही अत्याचाराच्या प्रकरणांचे कागद आणि पीडितांचे फोन नंबर ठेवता. ‘लिनक्सवर मराठी येत नाही.’ येते. युनिकोड आणि इनस्क्रिप्ट दोन्ही आहे. पेजमेकर आणि जुने छपाईचे फॉन्ट मात्र अडतात, हे आम्ही लपवत नाही. पत्रकं छापणाऱ्यांनी एक मशीन त्यासाठी ठेवावं, उरलेली चार कशाला अडकवता? ‘हे इंजिनिअर पोरांचं काम.’ केरळच्या सरकारी शाळांमध्ये गेली कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअर चालतं, आणि ते मास्तर-बाई चालवतात.

‘आधी पोटाचा प्रश्न, मग संगणक,’ असंही कुणी म्हणेल. पोटाच्या प्रश्नाचा अर्ज आता संगणकावरच भरावा लागतो, एवढंच आमचं उत्तर.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. प्रत्येक अभ्यासिकेत, प्रत्येक विहारात तपासलेली एक डीव्हीडी आणि एक पेन ड्राइव्ह असावा, सोबत मराठीत हाताने लिहिलेली कृती. मुलींनी आधी शिकावं, कारण त्यांना हे वाक्य दुप्पट ऐकावं लागतं. शिकलेल्याने पुढच्या दोघांना शिकवावं, पैसे न घेता. जयंतीच्या खर्चातून डीजेचा एक तास कमी करा, त्यात एका तालुक्याच्या डीव्हीडी निघतील. आणि येत्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल आमचं असेल. लॅपटॉप घेऊन या, आधी कागदपत्रांची प्रत काढून आणा. आम्ही इन्स्टॉल करून देणार नाही. बाजूला बसू आणि तुमच्याच हाताने करायला लावू.

आमचे पाचही संगणक आज चालू आहेत. परवा तो दुकानदार आला होता, स्वतःचं जुनं मशीन घेऊन. त्या मुलीने त्याला खुर्ची दिली आणि पहिल्यापासून शिकवलं.

जय भीम!