वहीतला कोरा रकाना

पासपोर्टांच्या पिशवीत आम्ही एक शंभर पानी वही टाकली, तेव्हा मुले हसली. ‘‘दुबईला चाललोय की शाळेत?’’ असे धाकटीने विचारलेच. पण दोन शिक्षकांच्या पगारातून चार वर्षे बाजूला काढलेला तो पैसा होता. आठ दिवसांत तो कुठे गेला हे परतल्यावर आठवत बसण्यापेक्षा रोज रात्री लिहून ठेवलेले बरे, असा आमचा विचार. 2024 च्या दिवाळी सुट्टीत आम्ही चौघे निघालो.

कोकणातल्या आपल्या घरांना दुबई नवी नाही. प्रत्येक मोहल्ल्यातला कुणी ना कुणी तिथे आहे. पण नोकरीला जाणाऱ्याचा हिशेब वेगळा आणि फिरायला जाणाऱ्याचा वेगळा. तो महिन्याच्या शेवटी कमावतो, आपण रोज फक्त खर्च करतो.

पहिली अडचण गुणाकाराची. त्या वेळी एका दिरहमला साधारण 23 रुपये पडत. पहिल्या दिवशी आम्ही पाण्याच्या बाटलीपासून सगळ्याला 23 ने गुणत होतो आणि घशाखाली काही उतरत नव्हते. दुसऱ्या दिवशी कंटाळून गुणणे सोडले, तर 40 दिरहमची खेळणी ‘चाळीसच तर आहेत’ म्हणून घेतली. दोन्ही चुकीचेच. मग ठरवले, रोजचा एक आकडा दिरहममध्ये सकाळीच बांधायचा. तेवढीच रक्कम खिशात ठेवायची. गुणाकार फक्त मोठ्या खरेदीला.

प्रवासात मात्र जरा डोके चालवले की पैसे वाचतात. मेट्रो, बस, ट्राम सगळीकडे ‘नोल’ कार्ड चालते. साधे कार्ड 25 दिरहमला, त्यातले 19 प्रवासाला वापरता येतात. प्रत्येकाला वेगळे कार्ड लागते. अंतराच्या टप्प्यांप्रमाणे भाडे 3, 5 किंवा साडेसात दिरहम. इथे गणित करा. जवळच्या टप्प्यात चौघांचे मेट्रोने 12 दिरहम होत आणि टॅक्सीचे किमान भाडेही तेव्हा 12 च होते. म्हणजे एकट्याला मेट्रो स्वस्त, पण थकलेल्या चौघांना जवळ जायचे तर टॅक्सी महाग नाही. विमानतळावरून घेतलेल्या टॅक्सीचे मीटर मात्र 25 पासूनच सुरू होते. मेट्रोत स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळी जागा असते, जमिनीवर गुलाबी पट्टा आखलेला असतो. पुरुषाने तो ओलांडला तर 100 दिरहम दंड, तेव्हा डोळे उघडे ठेवा.

सगळ्यात सुंदर प्रवास सगळ्यात स्वस्त निघाला. देरा आणि बर दुबईच्या मधून खाडी जाते. तिच्यावर अब्रा नावाच्या लाकडी होड्या चालतात, माणशी 1 दिरहम. मुले तीन वेळा पार गेली-आली. पलीकडे अल फहिदीच्या जुन्या वस्तीत, वाऱ्यासाठी बांधलेल्या उंच बुरुजांखाली हिंडायला काहीच पडत नाही. समुद्रकिनारेही पुष्कळ मोकळे. दुबई फ्रेमचे तिकीट मोठ्यांना 50 आणि लहानांना 20 दिरहम. बुर्ज खलिफाचे दर वेळेप्रमाणे बदलतात, सूर्यास्ताची वेळ महाग. आम्ही एकच तिकिटाची जागा निवडली आणि ती मुलांना निवडू दिली.

तीन दिवस झाले. रात्री वही उघडली तर ‘जेवण’ हा रकाना जवळजवळ कोरा. आम्ही एकमेकांकडे पाहून खूश झालो. काय काटकसर जमली!

चौथ्या दिवशी सकाळी गावाहून आपांचा फोन आला. त्यांचा मुलगा, आमचा भाचा, सहा वर्षे देऱ्यात नोकरी करतो. इतर पाच जणांबरोबर एका खोलीत राहतो, म्हणून आम्ही लहानशा हॉटेलात उतरलो होतो. पण रोज संध्याकाळी ड्युटी संपली की तो यायचा, जेवायला न्यायचा आणि आमचा हात खिशात जायच्या आत बिल देऊन मोकळा व्हायचा. आपा सहज म्हणाल्या, ‘‘या महिन्याचे पैसे पुढच्या आठवड्यात पाठवतो म्हणालाय. त्याची तब्येत बरी आहे ना?’’

फोन ठेवल्यावर बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. तो रकाना कोरा नव्हता. तो खर्च फक्त दुसऱ्याच्या वहीत, आपांच्या किराण्यात आणि औषधात, लिहिला जात होता.

त्या संध्याकाळी हॉटेलवाला यायच्या आधीच आम्ही काउंटरवर पैसे ठेवून आलो. भाच्याचा चेहरा उतरला. ‘‘मामू, तुम्ही पाहुणे आहात. घरी काय सांगू?’’ रागावून चालले नसते, आपांचे नाव काढूनही चालले नसते. त्याची इज्जतही त्या बिलात होती. मग तह झाला. शुक्रवारची बिर्याणी त्याची, बाकीची जेवणे आमची. रोजचा करक चहाही त्याचा. तो एक-दोन दिरहमला मिळतो आणि देणाऱ्याचे मन राहते. सकाळी आम्ही बेकरीतला गरम खुबूस आणि दही आणून खोलीतच न्याहारी करू लागलो. जेवणाचा रकाना भरू लागला. खरेदीचा आकडा तेवढा खाली आणावा लागला.

खरेदीबद्दल थोडे. कार्ड लावल्यावर मशीन कधी कधी विचारते, रुपयांत की दिरहममध्ये? एका दुकानात आम्ही ओळखीचे म्हणून ‘रुपये’ दाबले आणि रात्री पाहिले तर दर चांगलाच चढा लागला होता. नेहमी दिरहमच निवडा. शिवाय पुष्कळ बँका परदेशी व्यवहारावर 3 ते साडेतीन टक्के लावतात, ते निघण्याआधी विचारून घ्या. बिलात 5 टक्के व्हॅट असतो. योजनेत नोंदलेल्या दुकानात किमान 250 दिरहमची खरेदी केली तर पर्यटकाला त्यातला बराच भाग विमानतळावर परत मिळतो, पण पासपोर्ट दाखवून नोंद दुकानातच करावी लागते. हॉटेलच्या भाड्याव्यतिरिक्त दर खोलीमागे रोज 7 ते 20 दिरहम पर्यटन शुल्क असते, तेही धरून चाला. आणि सोने? दागिन्यांची कस्टममधली खास सवलत वर्षभराहून जास्त बाहेर राहिलेल्यांना असते, आठ दिवसांच्या पाहुण्याला नाही. ‘माझ्यासाठी एक साखळी आण’ म्हणणाऱ्यांना हे आधीच सांगून टाका.

परतताना भाच्याने नकळत मुलांच्या हातात खजुराचे दोन डबे दिले. आम्ही ते वहीत त्याच्या नावाने लिहिले. घरी पोहोचल्यावर पहिल्याच रविवारी आपांकडे गेलो, त्याची खुशाली सांगितली आणि महिन्याचा किराणा ‘दुबईची भेट’ म्हणून उतरवून आलो. त्यांनी काही विचारले नाही, आम्ही काही सांगितले नाही.

उन्हाळी सुट्टीत तुमच्यापैकी काही जण तिकडे जातील. भावाकडे, जावयाकडे, भाच्याकडे. जरूर जा. वही न्या. आणि तिच्यात एखादा रकाना कोरा दिसला, तर आधी विचारा, तो कुणी भरला?