धबधबा पाहून आलो

मागच्या जुलैतल्या एका रविवारी आमच्या गटाच्या पंधरा-सोळा जणींनी जव्हारची सहल काढली. वर्षभराच्या बैठका, मोर्चे, कोर्टाच्या खेपा यांतून एक दिवस मोकळा मिळावा, एवढाच हेतू. ठाण्याहून भिवंडी, वाडा, विक्रमगड करत गाडी जव्हारला पोचली. ‘ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर’ ही गावाची जुनी ओळख. २०१४ साली जव्हार पालघर जिल्ह्यात गेले, तरी ओळख तीच राहिली.

प्रत्यक्षात सनसेट पॉइंटवर धुके आणि गाड्यांची रांग. मुकणे संस्थानिकांचा राजवाडा बाहेरूनच पाहिला. दाभोसाच्या धबधब्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडे दादरा-नगर हवेलीत दारूबंदी नाही. सिल्वासाकडून आलेल्या गाड्यांतून खोकी उतरत होती, पायाखाली काचा होत्या, आणि बायका दिसल्या की शिट्ट्या. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. सकाळी सातला निघालेल्या आम्ही दुपारी तीनपर्यंत पाणी पिण्याचे टाळले. का, ते वाचक मैत्रिणींना सांगायला नको.

“पैसे वाया गेले,” एकजण म्हणाली. सगळ्यांच्या मनात तेच होते.

परतण्याआधी मोखाड्याच्या रस्त्यावर एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्या मावशींशी बोलताना आमची नाराजी बाहेर पडली. त्या हसून म्हणाल्या, “तुम्ही पाणी बघाया आल्या ना बाई? मग उन्हाळ्यात या. तवा आमचं पाणी बघा.”

गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

मावशींच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण उभे राहिले, २०१४ साली त्याचे लोकार्पण झाले. त्याचे पाणी मुंबईला जाते. धरणाच्या तालुक्यातली बाई मात्र डोक्यावर हंडा घेऊन दरी उतरते आणि चढते. गरोदर असली तरी उतरते. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा आणि तिच्या हंड्याचा संबंध जोडायला आपण विसरतो.

याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली महाराष्ट्र हादरला होता. मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांचे दौरे झाले, योजना आल्या. २०१६ मध्ये मोखाड्यातले बालमृत्यू पुन्हा वर्तमानपत्रांत आले. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या बोटोशीच्या एका पाड्यावर सातव्या महिन्यात बाळंत झालेल्या बाईची जुळी दगावली आणि तिला डोलीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागले. पर्यटकाची गाडी धबधब्यापर्यंत जाते. बाळंतिणीसाठी गाडी पाड्यापर्यंत जात नाही. रस्ता कोणासाठी आधी होतो, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

काही मैत्रिणी म्हणतील, पर्यटनाने रोजगार मिळतो, त्याला विरोध कशाला? विरोध नाहीच. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर जातात. कच्चीबच्ची लेकरे बरोबर जातात, त्यांची अंगणवाडी सुटते, शाळा सुटते. गावात चार पैसे मिळाले तर बायांनाच ते हवे आहेत. प्रश्न आहे वाटणीचा. आम्ही जेवलो त्या ठिकाणी भिंतीभर वारली चित्रे होती, आणि मागच्या मोरीत वारली बाया भांडी घासत होत्या. लग्नाचा चौक लिहिण्याचा मान मुळात सवाशिणींचा. सत्तरच्या दशकात सरकारी प्रयत्नांतून ही कला कागदावर आली, बाजारात आली, आणि नाव व पैसा मुख्यतः पुरुषांकडे गेला. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ते थोर कलावंत होतेच. पण घराघरांत चौक लिहिणाऱ्या बायांची नावे कोणाला माहीत आहेत? पर्यटनाचेही असेच होऊ नये. राबणारे हात बायांचे आणि गल्ला दुसऱ्याचा, हे आपल्या चांगल्या ओळखीचे आहे.

यावर उपाय कायद्यातच आहे. ही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभांना विशेष अधिकार दिले, महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकारही त्यात आहे. म्हणून धबधब्यावरचा वाहनतळ, चहा-जेवणाच्या टपऱ्या, स्वच्छतागृहाची देखभाल हे सारे तिथल्या बचतगटांकडे द्या, अशी मागणी करता येईल. गावाच्या हद्दीत दारू कुठे आणि कशी चालेल, हे आधी महिलांच्या सभेत ठरू द्या. आणि पर्यटनाच्या आराखड्यात पहिले काम पाड्यावरच्या पाण्याचे असू द्या. या मागण्या त्यांच्या वतीने आपण ठरवायच्या नाहीत. त्या पुढे आणतील त्या मागण्यांच्या मागे उभे राहायचे.

आमची सहल फसली, असे आम्ही म्हणत होतो. खरे तर आम्ही गिऱ्हाईक म्हणून गेलो आणि गिऱ्हाईक म्हणूनच नाराज झालो. आमच्यासाठी स्वच्छतागृह बंद होते ते एक दिवस. तिथल्या बायांचा रोजचा दिवस कसा जातो, ते विचारायला आम्हाला टपरीपर्यंत थांबावे लागले.

पुढची खेप मे महिन्यात करायची, असे आमच्या गटाने ठरवले आहे. तिथल्या बायांनी बोलावले तर, त्यांच्या सोयीच्या दिवशी, आणि मुक्कामाला. तुमच्याही गटाची सहल ठरत असेल, तर कुठे जायचे एवढेच ठरवू नका. तिथे कोणाला भेटायचे, तेही ठरवा.